‘स्पॅनर इन द वर्क्स’: ठरलेला बेत अडतो तेव्हाचा इंग्रजी वाक्प्रचार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्रजी बोलायला शिकणारे विद्यार्थी आणि नोकरीत रोज परदेशी सहकाऱ्यांशी बोलणारे लोक या एका वाक्प्रचाराबद्दल सतत विचारत असतात. अर्थ एका ओळीत सांगता येतो, पण वापरताना माणसं अडखळतात. म्हणून आलेले प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘थ्रो अ स्पॅनर इन द वर्क्स’ म्हणजे नेमकं काय?

सुरळीत चाललेल्या कामात किंवा पक्क्या ठरलेल्या बेतात अचानक एखादी अडचण येते आणि काम जागच्या जागी थांबतं किंवा सगळी आखणी नव्याने करावी लागते, तेव्हा हा वाक्प्रचार वापरतात.

समजा, सगळ्यांच्या रजा मंजूर झाल्या, गुहागरला खोल्या मिळाल्या, गाडी सांगून झाली, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला की गाडीची क्लचप्लेट गेली. इंग्रजीत लगेच म्हणतील, ‘दॅट्स थ्रोन अ स्पॅनर इन द वर्क्स.’ बेत ठरलेला होता, हालचाल सुरू झाली होती, अडचण ध्यानीमनी नसताना आली, आणि ‘ही बघा अडचण’ असं बोट ठेवून दाखवता येतं. या चारही गोष्टी असतील तर खुशाल वापरा.

२. ‘वर्क्स’ म्हणजे कामं ना? मग कामांत पाना टाकला, याचा अर्थ काय लावायचा?

इथे ‘वर्क्स’ म्हणजे कामं नाहीत. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंग्रजी नावात ‘वर्क्स’ येतं, त्यामुळे आपल्याकडे ही समजूत पक्की बसली आहे. यंत्राच्या पोटातल्या हलत्या भागांनाही इंग्रजीत ‘वर्क्स’ म्हणतात. जुन्या किल्लीच्या घड्याळाचं मागचं झाकण काढलं की आत जी दातेरी चाकं आणि स्प्रिंग दिसते, ते सगळं मिळून त्या घड्याळाचे ‘वर्क्स’.

आणि स्पॅनर म्हणजे गॅरेजमधला आपला साधा पाना, पाना-पक्कड म्हणतो त्यातला. तो लोखंडाचा तुकडा फिरत्या चाकांमध्ये पडला की दाते अडकतात आणि यंत्र थांबतं. यंत्र मुळात चांगलं असतं, त्याच्यात दोष नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये तो उपयोगी पडेल.

३. मराठीत याला सर्वांत जवळचं काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि मला तो मनापासून आवडतो. बेत मोडण्याच्या बाबतीत मराठीकडे इतके शब्द आहेत की एकाच शब्दावर बोट ठेवता येत नाही. प्रत्येकाचा रोख वेगळा आहे.

‘पाचर मारणे’ चित्राच्या दृष्टीने फार जवळचं. लाकडात ठोकलेली पाचर आणि यंत्रात पडलेला पाना, दोन्ही बाहेरून आत घुसतात. पण पाचर कोणीतरी मारतं. त्यात माणूस आहे आणि बहुतेक वेळा त्याचा हेतूही आहे. ‘कोलदांडा घालणे’ आणि ‘डाव उधळणे’ यांचंही तसंच. इंग्रजी पान्याला हेतू असावाच लागत नाही, तो पावसानेही पडतो.

‘मोडता घालणे’ याहून सौम्य. घरातलं वडीलधारं माणूस शेवटच्या क्षणी ‘पण मी म्हणतो, एवढ्या लांब कशाला?’ असं म्हणतं, तो मोडता. प्रश्न १६ मध्ये हाच शब्द पुन्हा लागणार आहे.

‘माशी शिंकणे’ फार लोक सुचवतात. तिथे मात्र थांबा. ‘कुठे माशी शिंकली कोण जाणे’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं कशामुळे बिनसलं ते आपल्याला ठाऊक नसतं किंवा सांगायचं नसतं. स्पॅनरमध्ये कारण नाव घेऊन सांगितलेलं असतं. कारण अज्ञात असेल तर स्पॅनर वापरू नका.

‘विरजण पडणे’ उत्साहावर पडतं, आखणीवर पडत नाही. ‘पाणी फिरणे’ म्हणजे केलेलं सगळं वाया गेलं, ते फारच पुढचं झालं. ‘खीळ बसणे’ अर्थाने चांगलं जुळतं, माणूस असो की घटना, दोन्हींना चालतं, फक्त ते बोलण्यापेक्षा बातमीत जास्त शोभतं. एकच निवडायचं झालं तर मी ‘खीळ बसणे’ निवडेन. घरगुती बोलण्यात ‘ऐन वेळी घोटाळा झाला’ इतकं साधं म्हटलं तरी बिघडत नाही.

४. वाक्यात बसवायचा कसा? काळ बदलला की काय बदलतं?

फक्त क्रियापद बदलतं. वर्तमानात ‘थ्रोज’, भूतकाळात ‘थ्रू’, आणि ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ आल्यावर ‘थ्रोन’. बाकीचा तुकडा जसाच्या तसा ठेवायचा: ‘अ स्पॅनर इन द वर्क्स’.

आपल्याकडे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ‘वर्क्स’मधला शेवटचा ‘स’ गळतो आणि ‘इन द वर्क’ होतं. ‘द’ गळतो. किंवा ‘अ स्पॅनर’ऐवजी ‘द स्पॅनर’ होतं. कुठल्यातरी अनपेक्षित गोष्टीबद्दल बोलतोय, म्हणून ‘अ’. यंत्र मात्र ठरलेलं, ऐकणाऱ्यालाही माहीत असलेलं, म्हणून ‘द’.

ऐकतानाही एक गोंधळ होतो. भूतकाळातलं ‘थ्रू’ आणि ‘आरपार’ या अर्थाचं ‘थ्रू’ कानाला अगदी सारखे लागतात. पुढे ‘अ स्पॅनर’ ऐकू आलं की शंका राहत नाही.

५. ‘थ्रो’ऐवजी ‘पुट’ चालतं का? ‘इन’ की ‘इन्टू’?

चारही जोड्या चालतात. बोलण्यात ‘थ्रो’ आणि ‘इन’ सर्वांत जास्त ऐकू येतात, तेच तोंडात बसवा.

६. कुणीतरी मुद्दाम बिघडवलं असेल तरच वापरायचं का? ‘थ्रो’ म्हटलं की फेकणारा आलाच ना?

व्याकरणात कर्ता लागतो, पण तो माणूस असायला हवा असं नाही. पाऊस, संप, आजारपण, सर्व्हर बंद पडणं, निवडणुकीची आचारसंहिता लागल्यामुळे निविदा अडकणं, यातलं काहीही कर्ता म्हणून येतं. उलट, रोजच्या वापरात घटनाच जास्त येतात.

माणूस कर्ता असला तर मात्र जपून. ‘अमक्याने स्पॅनर टाकला’ असं म्हटलं की त्याने मुद्दाम केलं असा वास येऊ शकतो. सहकाऱ्यावर ठपका ठेवायचा नसेल तर त्याचं नाव टाळून घटनेला कर्ता करा. ‘रमेशने काम बिघडवलं’ म्हणायच्या ऐवजी ‘ऐन वेळच्या बदलाने काम अडलं’ म्हणावं, तसं. ‘अ स्पॅनर वॉज थ्रोन’ असा कर्मणी प्रयोगही होतो, पण तो थोडा जड वाटतो.

७. अडचण केवढी मोठी असायला हवी? लोकल दहा मिनिटं उशिरा आली, तरी स्पॅनर का?

नाही. दहा मिनिटांचा उशीर हा नुसता उशीर आहे. त्याच दहा मिनिटांमुळे दादरला पुढची एक्सप्रेस सुटली आणि लग्नाला पोहोचणंच अवघड झालं, तर स्पॅनर. अडचणीचा आकार बघू नका, बेत अडला का ते बघा.

याचं मला सापडलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण सुएझ कालव्यातलं आहे. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ नावाचं, ४०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज जोराच्या वाऱ्यात आणि धुळीच्या वादळात कालव्यात आडवं होऊन रुतलं. जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते, त्यामुळे आपल्याकडे ही बातमी घराघरांत पोहोचली. नाक एका काठात, शेपूट दुसऱ्या काठाशी, आणि मध्ये वाट बंद. दोन्ही बाजूंना तीनशेहून जास्त जहाजं खोळंबली. काहींनी वाट न बघता आफ्रिकेला वळसा घालून जायचं ठरवलं. काठ खणून, गाळ काढून, टगबोटींनी ओढून आणि भरतीचं पाणी साधून २९ मार्चला ते जहाज सुटलं, आणि कालवा पुन्हा वाहू लागला.

आता यात वाक्प्रचाराचे सगळे भाग बघा. कालवा मुळात ठीक होता. अडथळा एकच होता, त्याला नाव होतं. तो अडथळा कुणाला अपेक्षित नव्हता. तो काढल्यावर वाहतूक आपोआप सुरू झाली. जगाच्या व्यापाराच्या यंत्रात खरोखरच एक लोखंडी तुकडा आडवा पडला होता.

याउलट एखादी योजना पैशाअभावी, माणसांअभावी, सगळीकडूनच रखडत असेल, तर तिथे यंत्रच नादुरुस्त आहे. त्याला स्पॅनर म्हणू नका.

८. अडचण आधीपासून माहीत असेल तर? रविवारचा मेगाब्लॉक स्पॅनर होतो का?

मेगाब्लॉक जाहीर झालेला असतो. त्याने बेत बदलला तर तो नियोजनाचा भाग झाला, स्पॅनर नाही. पण मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून, त्यातून वाट काढून बेत आखला, आणि सकाळी कळलं की ब्लॉक दोन तासांनी वाढला, तर तो वाढलेला वेळ म्हणजे स्पॅनर. त्याला अनपेक्षितपणा लागतोच.

९. अमेरिकन टीम कॉलवर ‘रेंच’ म्हणते. तो वेगळा वाक्प्रचार आहे का?

तोच आहे. ब्रिटनमध्ये ज्याला स्पॅनर म्हणतात, त्याला अमेरिकेत रेंच म्हणतात. म्हणून तिकडे ‘थ्रो अ रेंच इन द वर्क्स’, किंवा ‘मंकी रेंच’. अमेरिकन लोक ‘वर्क्स’ सोडून सरळ ‘इन द प्लॅन्स’, ‘इन आवर शेड्यूल’ असंही जोडतात, त्यामुळे त्यांचं वाक्य शिकायला सोपं जातं.

भारतातलं इंग्रजी बरंचसं ब्रिटिश वळणाचं, म्हणून आपल्याकडे स्पॅनर रुळला. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथेही स्पॅनरच. ऐकताना दोन्ही ओळखा. बोलताना समोरचा माणूस कुठला आहे ते बघून एक निवडा आणि त्या संभाषणात तोच ठेवा.

१०. पान्याला ‘मंकी’ का म्हणतात? आणि यातला जुना कोणता, रेंच की स्पॅनर?

मंकी रेंच म्हणजे ज्याचा जबडा स्क्रू फिरवून लहानमोठा करता येतो असा पाना. चार्ल्स मंकी नावाच्या माणसाने तो शोधला, अशी एक कथा इंग्रजीत फार फिरते. तिच्यात त्या शोधाचा जो काळ सांगतात, त्याच्या आधीच हा शब्द छापून आलेला आहे, तेव्हा ती कथा टिकत नाही.

वाक्प्रचारात अमेरिकन रेंच आधीचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो तिकडच्या वर्तमानपत्रांत लाक्षणिक अर्थाने येऊ लागला होता. ब्रिटिश स्पॅनर १९३०च्या दशकात दिसतो. पी. जी. वुडहाउस यांच्या १९३४च्या ‘राइट हो, जीव्हज’ या कादंबरीत तो आहे. दोन्हींचा काळ कारखान्यांचा आहे, हे उघड दिसतं. ज्या समाजाने रोज फिरती चाकं पाहिली, त्याच्याच बोलण्यात हे चित्र आलं.

११. कामगार यंत्रात लाकडी बूट टाकायचे, त्यावरून हे आलं असं ऐकलंय. खरं का?

ती गोष्ट ‘सॅबोटाज’ या शब्दाबद्दल सांगतात. फ्रेंच भाषेत लाकडी बुटाला ‘साबो’ म्हणतात आणि सॅबोटाज हा शब्द त्याच कुळातला, एवढं खरं. पण कामगार बूट यंत्रात फेकायचे म्हणून शब्द तयार झाला, याला पुरावा मिळत नाही. फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ काम धसमुसळेपणाने उरकणे, बिघडवणे असा होता. स्पॅनरचा त्या बुटाशी थेट संबंध जोडू नका.

१२. बॉस म्हणाले, ‘न्यू ऑफिस इज इन द वर्क्स.’ म्हणजे त्यात अडचण आली का?

उलट, तयारी सुरू आहे! पुढे-मागे स्पॅनर किंवा रेंच नसेल, तर ‘इन द वर्क्स’ म्हणजे ‘त्यावर काम चालू आहे, लवकरच होईल’. हा अर्थ मूळचा अमेरिकन, आता सगळीकडे चालतो. या एका तुकड्यावरून आनंदाच्या बातमीला वाईट बातमी समजणारे बरेच जण भेटतात, म्हणून आधी पाना शोधा.

तिसराही अर्थ आहे. पिझ्झा ‘विथ द वर्क्स’ मागवला, तर त्यावर जे जे घालता येतं ते सगळं घालून येतो. तिथे यंत्राचा संबंध उरलेला नाही.

१३. इंग्लंडमधला मित्र मला ‘यू स्पॅनर!’ म्हणाला. मी काही बिघडवलं का?

ब्रिटिश बोलीत ‘स्पॅनर’ म्हणजे वेंधळा, बावळट. मित्रामित्रांत चालतं, ‘अरे येड्या’सारखं. त्याचा या वाक्प्रचाराशी संबंध नाही, आणि तुम्ही तो शब्द वरिष्ठांसाठी वापरू नका.

१४. ऑफिसच्या मेलमध्ये, परीक्षेत, मुलाखतीत चालेल का?

टीममधल्या मेलला आणि मीटिंगमध्ये बिनधास्त. इंग्रजी वर्तमानपत्रंही मथळ्यात वापरतात. करार, नोटीस, तक्रार अर्ज, शोधनिबंध यांत नको. तिथे ‘डिले’, ‘डिसरप्ट’ असे सरळ शब्द बरे.

आयल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत, बोलण्याच्या भागात, वरच्या बँडला (म्हणजे वरच्या गुणश्रेणीला) वाक्प्रचारांचा वापर पाहतात, हे खरं आहे. पण परीक्षक जागा बघतात, पाठांतर बघत नाहीत. ‘एखादा बेत बदलावा लागला तो प्रसंग सांगा’ असा विषय आला तर याच्याइतकं चपखल काही नाही. ‘तुमच्या गावाबद्दल सांगा’ या प्रश्नात ओढून-ताणून आणला तर तो उपरा दिसतो. लेखी निबंधात टाळा.

१५. मोठ्या संकटाबद्दल बोलताना वापरला तर काही चुकतं का?

चुकतं, आणि इथे मी अगदी ठाम आहे. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शेकडो माणसं गेली. त्या पावसाने ‘आमच्या मीटिंगच्या वर्क्समध्ये स्पॅनर टाकला’ असं कुणी म्हटलं, तर व्याकरण बरोबर असूनही ऐकणाऱ्याला ते टोचेल. हा वाक्प्रचार बेताबद्दल बोलतो, माणसांच्या दुःखाबद्दल बोलत नाही. मृत्यू, गंभीर आजार, कुणाचं घर जाणं, अशा वेळी तो बाजूला ठेवा. सहकाऱ्याच्या वडिलांना दवाखान्यात हलवलं म्हणून प्रकल्प लांबला असेल, तर कारण साध्या शब्दांत सांगा आणि आधी वडिलांची चौकशी करा.

हेच जहाजाच्या उदाहरणाला लावून बघा. तिथे चर्चा वेळापत्रकाची, मालाची आणि खर्चाची होती, म्हणून वाक्प्रचार शोभतो.

१६. मीटिंगमध्ये लोक ‘आय डोंट वॉन्ट टु थ्रो अ स्पॅनर इन द वर्क्स, बट...’ असं का म्हणतात? मग लगेच अडचणच सांगतात!

ही खरी कामाची जागा आहे, आणि पुस्तकांत ती फारशी सांगत नाहीत.

सगळे एका निर्णयावर आले आहेत, आणि तुम्हाला एक गोष्ट दिसते आहे जी कुणाला दिसलेली नाही. सरळ ‘हे चुकीचं आहे’ म्हटलं तर समोरचा दुखावतो. म्हणून आधी कबुली द्यायची की माझ्या बोलण्याने ठरलेलं विस्कटणार आहे, हे मला माहीत आहे. मग मुद्दा मांडायचा. मराठीत आपण अगदी हेच करतो: ‘मला मोडता घालायचा नाहीये, पण त्या तारखेला दसरा आहे.’ ज्यांना हे मराठी वाक्य सहज येतं, त्यांना इंग्रजी वाक्यही जमतं, फक्त धीर करून म्हणायला हवं.

आपल्याकडची कितीतरी हुशार मुलं परदेशी टीमसमोर गप्प बसतात, कारण विरोध सभ्यपणे कसा करायचा त्याचं वाक्य त्यांच्यापाशी नसतं. हे वाक्य त्यांनी पाठ करावं असं मला फार वाटतं. ‘बट’नंतर मात्र एकच मुद्दा, तोही नेमका: तारीख, आकडा, किंवा कुणाची परवानगी बाकी आहे ते. आणि शक्य असेल तर लगेच पर्याय. पाठोपाठ तीन हरकती घेतल्या तर सुरुवातीच्या नम्रतेचा उपयोग राहत नाही. मुद्दा अगदी किरकोळ असेल तर हे वाक्य नको, ‘जस्ट अ स्मॉल पॉइंट’ पुरतं.

१७. ‘फॉल थ्रू’, ‘अप इन द एअर’, ‘रेन चेक’, ‘अपसेट द ॲपल कार्ट’, हे सगळं एकच का?

नाही, आणि गुहागरच्याच बेतावर (प्रश्न १) फरक दाखवता येतो.

क्लचप्लेट गेल्याचा फोन आला: स्पॅनर पडला. दुसरी गाडी मिळेल की नाही कळत नाही, रात्रीपर्यंत फोनाफोनी चालू: आता बेत ‘अप इन द एअर’, म्हणजे अधांतरी. गाडी मिळालीच नाही, रजा संपल्या: बेत ‘फेल थ्रू’, म्हणजे बारगळला. स्पॅनर पडला की बेत बारगळतोच असं नाही, बऱ्याचदा दुसरी गाडी मिळते.

‘रेन चेक’ फक्त आमंत्रणाला. मित्राने जेवायला बोलावलं, आज जमत नाही, पण पुढे कधीतरी नक्की, असं सांगताना ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने वाहून गेला की प्रेक्षकाला तिकिटाच्या तुकड्यावर नंतरचा सामना बघता यायचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही पद्धत, त्यावरून हे आलं. यायचंच नसेल तर रेन चेक मागू नका, समोरचा खरोखर वाट बघतो.

‘अपसेट द ॲपल कार्ट’ म्हणजे बसलेली घडी विस्कटणं. दोन भावांत शेताचं वाटप गुण्यागोविंदाने झालंय आणि तिसऱ्याने जुना कागद उकरून काढला, तर ॲपल कार्ट. तिथे पुढचा बेत नसून स्थिरावलेली व्यवस्था असते. दोन्हींच्या सीमेवरचे प्रसंग येतात, तेव्हा कुठलाही वापरलात तरी कुणी चूक काढणार नाही.